शिसे ओलांडणारा, पाण्यापाशी अडणारा

तिबेटी बौद्ध परंपरेत धातूची मूर्ती ओतून, घासून, मुलामा देऊन झाली तरी ती पूर्ण झालेली नसते. तिच्या पोकळ अंगात मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या भरतात, धान्य आणि सुगंधी वनस्पती भरतात, वस्त्रांचे तुकडे ठेवतात, कधी एखाद्या गुरूच्या अस्थींचा अंश ठेवतात. मधोमध लाकडाची एक दांडी उभी करतात आणि तिला मूर्तीचा जीवनवृक्ष मानतात. शेवटी तळाला पत्रा ठोकून मूर्ती बंद होते, विधिपूर्वक प्रतिष्ठा होते, आणि तिथून पुढे आत डोकावायचे नसते. तळ उचकटला की प्रतिष्ठा मोडली.

अशा शेकडो वर्षांच्या मूर्ती आज संग्रहालयांत आहेत. आत काय असेल याची ओढ अभ्यासकांना लागणारच, पण पत्र्याला हात कोण लावणार? क्ष-किरणांनी पाहावे, तर तांब्या-पितळेचे कवच त्यांतले बहुतेक किरण गिळून टाकते, आणि जे थोडे पार होतात त्यांना आतल्या कागदाची आणि लाकडाची दखलही घेता येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या फिलिगेन इथल्या पॉल शेरर संस्थेत एबरहार्ड लेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मूर्ती न्यूट्रॉनच्या झोतापुढे ठेवल्या, थोड्या थोड्या अंशांनी फिरवल्या आणि अनेक कोनांतून प्रतिमा घेतल्या. त्या प्रतिमा संगणकावर एकत्र आल्यावर धातू फिकट होऊन मागे सरला आणि आतला ऐवज ठसठशीत पुढे आला: कागदांची भेंडोळी, गाठोडी, लाकूड. २०१० साली हे काम प्रसिद्ध झाले. मूर्तींचे तळ जसे होते तसेच बंद राहिले.

ज्याला आपण भक्कम म्हणतो ते फिकट, आणि ज्याला क्षुल्लक म्हणतो ते गडद, असे चित्र न्यूट्रॉन काढतो. हे असे का, याचे उत्तर माझ्या मते भौतिकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

क्ष-किरणांचा सगळा व्यवहार इलेक्ट्रॉनशी. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन एक, शिशाच्या अणूत ब्याऐंशी. म्हणून जड मूलद्रव्य क्ष-किरण अडवते आणि हलके सोडून देते. छातीच्या फोटोत बरगड्या पांढऱ्या दिसतात त्या हाडांतल्या कॅल्शियममुळे. इथे एक सरळ चढण आहे: अणुक्रमांक वाढला की अडथळा वाढतो. न्यूट्रॉन या चढणीवर चालतच नाही. जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली केंब्रिजमध्ये शोधलेल्या या कणावर विद्युतभार नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या घोळक्यातून तो जवळजवळ काहीच न घडल्यासारखा निघून जातो. त्याची गाठ पडते ती थेट अणुगर्भाशी, आणि अणुगर्भ हा अणूच्या आकाराच्या मानाने इतका लहान की घन धातूदेखील न्यूट्रॉनला बहुतांशी मोकळे मैदानच असते. मग एखादा अणुगर्भ त्याला अडवणार की नाही, हे त्या गर्भाच्या अंतर्रचनेवर ठरते. त्यात वजनाचा क्रम नाही. शेजारशेजारची दोन मूलद्रव्ये न्यूट्रॉनशी अगदी वेगळी वागतात.

आकड्यांत सांगायचे तर, अणुभट्टीतून येणाऱ्या संथ न्यूट्रॉनांपुढे एक सेंटीमीटर जाडीची शिशाची वीट ठेवली, तर साधारण सत्तर टक्के न्यूट्रॉन सरळ पार होतात. नुसता एक मिलिमीटर पाण्याचा थर ठेवला, तरी पार होणाऱ्यांचे प्रमाण साधारण तेवढेच. म्हणजे पाणी शिशाच्या दहापट अडवते! ॲल्युमिनियम तर न्यूट्रॉनच्या लेखी असून नसल्यासारखे. उलट गॅडोलिनियमचा कागदाहून पातळ पत्रा जवळपास सगळा झोत शोषून घेतो. पाण्याचा हा दरारा त्यातल्या हायड्रोजनमुळे. त्याचा गर्भ, म्हणजे एकटा प्रोटॉन, संथ न्यूट्रॉनला वाटेल त्या दिशेला भिरकावतो. जिथे हायड्रोजन तिथे सावली, आणि हायड्रोजन पाण्यात आहे, तेलात आहे, लाकडात, कागदात, प्लास्टिकात, डिंकात, स्फोटकात आणि सगळ्या सजीवांत आहे.

पॉल शेरर संस्थेतल्या मंडळींनी इटालियन घरांतली ॲल्युमिनियमची मोका किटली न्यूट्रॉनच्या झोतात ठेवून कॉफी करतानाचे चलत्चित्र घेतले आहे. किटलीचा धातू धुक्यासारखा पुसट झालेला, तळातले पाणी काळेशार, आणि ते पाणी वाफेच्या दाबाने नळीतून वर चढून भुकटी भिजवत वरच्या भांड्यात उतरताना सरळ डोळ्यांना दिसते. या तंत्राची ओळख कुणाला करून द्यायची झाली तर मी आधी हेच दाखवेन.

हा झोत मिळवणे मात्र सोपे नाही. न्यूट्रॉन अणुगर्भात घट्ट बांधलेले असतात, आणि मोकळा सुटलेला न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत विघटित होतो. त्यामुळे तो साठवून ठेवायचा माल नव्हे, हवा तेव्हा ताजाच निर्माण करावा लागतो. युरेनियमचा गर्भ फुटला की त्यातून न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे वीस हजार किलोमीटर वेगाने निघतात. प्रतिमेसाठी ते फार घाईचे. त्यांना साध्या पाण्यातून, जड पाण्यातून किंवा ग्रॅफाइटमधून फिरवून शांत करावे लागते. गोट्यांच्या खेळात एक गोटी तेवढ्याच दुसऱ्या गोटीवर नेमकी आदळली की पहिली जागच्या जागी थबकते आणि वेग दुसरीला मिळतो. न्यूट्रॉन आणि प्रोटॉन जवळजवळ एकाच वजनाचे असल्यामुळे पाण्यात अशा थोड्याच टकरी पुरतात. वेग सेकंदाला २,२०० मीटरच्या आसपास आला की न्यूट्रॉन भोवतालच्या तापमानाशी जुळतो. मग लांब नळीतून जे सरळ रेषेत येतील तेवढेच घ्यायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे.

वस्तूतून पार झालेले न्यूट्रॉन डोळ्याला दिसत नाहीत आणि फिल्मवरही त्यांचा ठसा उमटत नाही. म्हणून मधे एक दुभाषी लागतो. आजच्या यंत्रांत तो असतो लिथियम-६ आणि झिंक सल्फाइड यांचा पातळ पडदा. लिथियम न्यूट्रॉन गिळतो, फुटतो, आणि फुटलेले तुकडे झिंक सल्फाइडमध्ये उजेडाचा ठिपका पाडतात. तो उजेड आरशावरून वळवून बाजूला ठेवलेल्या कॅमेऱ्यात घेतात, कारण कॅमेरा झोताच्या वाटेतच ठेवला तर तो लवकरच निकामी होईल.

या तंत्राचा जन्म बर्लिनमधला, आणि काळ फार वाईट. हार्टमुट कालमान हे फ्रिट्झ हाबर यांच्या संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. ज्यू वंशाचे म्हणून १९३३ साली नाझी राजवटीने त्यांना तिथून काढले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्न्स्ट कून यांच्याबरोबर त्यांनी एका छोट्या त्वरकातून मिळणाऱ्या क्षीण झोतावर जगातल्या पहिल्या न्यूट्रॉन-प्रतिमा घेतल्या. त्या कामाचा सविस्तर वृत्तान्त जगापुढे यायला युद्ध संपावे लागले. तो १९४८ साली छापला गेला. खऱ्या अर्थाने स्वच्छ चित्रे निघाली ती १९५६ साली, इंग्लंडमधल्या हार्वेल इथल्या अणुभट्टीवर, जेम्स थ्यूलिस यांच्या हातून. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबईत तुर्भे इथे आशियातली पहिली संशोधन अणुभट्टी ‘अप्सरा’ सुरू झाली. पुढे तिच्या झोतावरही न्यूट्रॉन-प्रतिमांचे काम झाले, आणि आज १९८५ पासून चालणाऱ्या ‘ध्रुव’ भट्टीवर त्यासाठी स्वतंत्र जागा आहे.

आपल्याकडे या तंत्राची खरी परीक्षा घेतली ती कल्पक्कम इथल्या ‘कामिनी’ने. ही भट्टी अवघी ३० किलोवॉटची. थोरियमपासून मिळणाऱ्या युरेनियम-२३३ वर ती १९९६ पासून चालते. शेजारच्या जलद प्रजनक चाचणी भट्टीतून काढलेल्या इंधनकांड्या आतून कशा झाल्या आहेत हे तिच्या झोतात पाहतात. अशी कांडी स्वतःच इतकी प्रखर किरणोत्सारी असते की जवळ ठेवलेली कुठलीही फिल्म क्षणात काळी ठिक्कर पडेल. त्यावर काढलेली युक्ती मला या विषयातली सर्वांत हुशार युक्ती वाटते. कांडीमागे फिल्म ठेवायचीच नाही. ठेवायचा इंडियमचा किंवा डिस्प्रोशियमचा साधा पत्रा. कांडीतून सुटणाऱ्या गॅमा किरणांचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही, पण न्यूट्रॉन जिथे जिथे पडतो तिथला पत्रा किरणोत्सारी होतो. कांडीचे चित्र असे त्या पत्र्यात उतरते, कुठल्याही शाईशिवाय. मग पत्रा उचलून दूर, शांत खोलीत न्यायचा आणि कोऱ्या फिल्मला चिकटवून ठेवायचा. इंडियममधले चित्र ५४ मिनिटांत अर्धे विरते, म्हणून दिरंगाई चालत नाही. विरता विरता ते फिल्मवर उमटते. तडा गेलेली, सुजलेली, सरकलेली इंधनगोळी त्यात ओळखू येते.

कामिनीवरच इस्रोच्या छोट्या स्फोटक-साधनांचीही तपासणी झाली आहे. अग्निबाणाचे टप्पे एकमेकांपासून सुटतात ते अशा साधनांच्या जोरावर. धातूच्या नळीत दारू सलग भरली आहे की मधे पोकळी राहिली आहे, हे कळायलाच हवे, आणि नळी फोडून पाहिली तर ती वापरता येणार नाही. दारूत हायड्रोजन भरपूर, कवच धातूचे. न्यूट्रॉनसाठी याहून सोयीचे काम नाही.

इतर उपयोग मी भराभर सांगतो. जेट इंजिनाच्या पात्यांत थंड हवा खेळवण्यासाठी बारीक बोगदे असतात. ओतकामात वापरलेल्या सिरॅमिकचा कण त्यात अडकून राहिला तर पाते जळून जाईल. पाते गॅडोलिनियमच्या द्रावणात बुडवून धुतले की उरलेल्या कणांत ते मुरते आणि तो कण न्यूट्रॉनपुढे काळाकुट्ट दिसतो. बॅटरी चालू असताना तिच्यातले लिथियम कुठे सरकले, इंधनघटात पाण्याचे थेंब कुठे साचले, हेही पाहतात. ऑस्ट्रेलियात लुकास हाइट्स इथल्या ‘डिंगो’ या उपकरणावर लोहखनिजाच्या खडकात रुतलेल्या एका प्राचीन मगरीची तपासणी झाली, तेव्हा तिच्या पोटात एका लहान डायनोसॉरची हाडे आढळली. नऊ कोटी वर्षांपूर्वीचे जेवण! तो दगड छिन्नीने फोडायचा म्हटले असते तर ती नाजूक हाडे टिकली नसती.

वस्तूला अजिबात धक्का न लावता, असे या तंत्राचे वर्णन करतात. ते बरेचसे खरे आहे, पण पूर्ण नाही. न्यूट्रॉन गिळलेला अणू कधी कधी किरणोत्सारी होतो. ॲल्युमिनियममधला हा किरणोत्सार काही मिनिटांत मावळतो. तांब्यातला तांबे-६४ मात्र पावणेतेरा तासांनी अर्धा होतो, म्हणून कांस्यमूर्ती झोतातून काढल्यावर काही दिवस बाजूला ठेवावी लागते. कोबाल्ट असेल तर आधीच सावध व्हायचे, कारण त्यापासून होणाऱ्या कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे आहे. दुसरी अडचण ओल्या आणि जाड वस्तूंची. काही सेंटीमीटर पाणी म्हणजे न्यूट्रॉनला अंधार, म्हणून दवाखान्यात क्ष-किरणांची जागा हे तंत्र घेणार नाही. आणि न्यूट्रॉनचे झोत क्ष-किरणांच्या मानाने फारच विरळ, त्यामुळे बारकावा हवा तर वेळ द्यावा लागतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा बारीक तपशील टिपणारी उपकरणे अलीकडे झाली आहेत, पण ती मोजकीच आहेत.

न्यूट्रॉनला विद्युतभार नसला तरी तो स्वतः एक सूक्ष्म चुंबक आहे. चुंबकीय क्षेत्रातून जाताना त्याची दिशा भोवऱ्याच्या आसासारखी फिरते, आणि किती फिरली हे मोजता येते. बर्लिनच्या संशोधन अणुभट्टीवर निकोलाय कार्जिलोव आणि सहकाऱ्यांनी २००८ साली याचा उपयोग करून घनवस्तूच्या आतले चुंबकीय क्षेत्र तीन मितींत दाखवले, तेही अतिवाहक झालेल्या शिशाच्या पोटातले. जे क्षेत्र इतर कुठल्याही मार्गाने बाहेरून पाहता आले नसते, ते शिसे न कापता दिसले. ती भट्टी २०१९ च्या अखेरीस बंद झाली. पॅरिसजवळच्या साक्ले इथली ऑर्फे भट्टीही त्याच वर्षी बंद झाली. युरोपातले झोत कमी होत आहेत याची हळहळ वाटते. स्वीडनमध्ये लुंड इथे फिरत्या टंगस्टनच्या चाकावर प्रोटॉन आदळवून न्यूट्रॉन उडवणारे नवे केंद्र उभे राहत आहे, त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत.

पण या तंत्राने केलेली सर्वांत मोलाची गोष्ट मला वाटते ती जमिनीखालची. झाड पाणी नेमके कुठल्या मुळाने पिते? प्रश्न साधा आहे, पण मूळ उपटले की ते पिणे थांबते, आणि जमिनीत असताना दिसत नाही. आंद्रेआ कार्मिनाती आणि त्यांच्या गटाने ल्युपिन या कडधान्याच्या कुळातल्या झाडाची रोपे ॲल्युमिनियमच्या, सुमारे एक सेंटीमीटर जाडीच्या चपट्या डब्यांत वाळूमिश्रित मातीत वाढवली. न्यूट्रॉनपुढे डबा पुसट, कोरडी वाळू पुसट, आणि पाण्याने भरलेली मुळे काळ्या रेघांसारखी स्पष्ट. माती सुकत जाते तेव्हा मुळाच्या अगदी लगतची माती लांबच्या मातीपेक्षा ओली राहते, असे त्यात दिसले. मूळ एक चिकट द्रव सोडते, तो पाणी धरून ठेवतो. आणि भरपूर सुकल्यावर पुन्हा पाणी घातले, तर उलटे घडते: आजूबाजूची माती भिजते आणि मुळालगतची काही काळ कोरडीच राहते, कारण सुकलेला तोच द्रव पाणी झटकन आत घेत नाही. झाडाला पाणी घातले की ते लगेच पिऊ लागते, हा आपला समज इथे पुरता खरा ठरत नाही.

पुढचा प्रयोग याहून देखणा. जड पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असतो. झाडाला दोन्ही पाणी जवळजवळ सारखेच, न्यूट्रॉनला मात्र ड्यूटेरियम साध्या हायड्रोजनपेक्षा कितीतरी फिकट. मोहसेन झारेबनादकूकी, कार्मिनाती आणि सहकाऱ्यांनी डब्यातल्या मातीत मधे मधे जाड वाळूचे पट्टे घातले, म्हणजे एका कप्प्यातले पाणी दुसऱ्यात झिरपणार नाही. मग एकेका कप्प्यात थोडे जड पाणी सोडले आणि पाहत राहिले. काळी मुळे उजळू लागली. जिथे जड पाणी आत शिरले तिथे उजळली, आणि ते वर चढत गेले तशी रेघ वर वर उजळत गेली. दिवसा झपाट्याने, रात्री अगदी हळू, कारण रात्री पाने पाणी ओढत नाहीत. या उजळण्याच्या वेगावरून त्यांनी हिशेब मांडला. ल्युपिनमध्ये पाणी शोषण्याचे काम मुख्यतः बाजूच्या बारीक मुळांचे निघाले. मधले सोटमूळ ते गोळा करून खोडाकडे पोचवते. मक्यावर नंतर झालेल्या अशाच प्रयोगांत, वाढलेल्या झाडात खोडाच्या बुडातून फुटणारी मुळे आणि त्यांच्या फांद्या बहुतेक पाणी ओढताना दिसल्या. बीजातून आलेल्या जुन्या मुळांचा वाटा थोडाच.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सोलापूरकडचा शाळू येतो. रब्बीची ज्वारी पावसावर वाढत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर ती थंडीतले महिने काढते, आणि तिची मुळेही मक्यासारखीच खोडाच्या बुडातून फुटतात. माती वरून सुकत, भेगाळत खाली जाते तेव्हा कुठले मूळ पाणी पिते, कुठले नुसते उभे असते, आणि दाणा भरताना ओल कुठल्या थरातून येते? काळी माती वाळूइतकी सोयीची नाही. तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांत बांधलेला हायड्रोजन आहे, ती सुकतानाही सगळे पाणी सोडत नाही, फुगते आणि आकसते. डबा आणखी पातळ करावा लागेल, ओलीचे माप आधी बसवावे लागेल, झोत जास्त वेळ लागेल. या तिन्ही अडचणी कष्टाच्या आहेत, अशक्य नाहीत. जड पाणी आपल्याकडे बनते, झोत तुर्भ्याला आहे, आणि ज्वारीचे संशोधन करणारी केंद्रे सोलापूर आणि राहुरीला आहेत.